दांडा, चकती की बटण? ऑटोमॅटिक गाडीच्या गिअर-साधनांची पारख, पार्किंगच्या कसोटीवर

गाडी घेताना लोक मायलेज विचारतात, डिकी उघडून बघतात, स्क्रीन किती इंची आहे ते पाहतात. गिअर टाकायच्या साधनाकडे मात्र कुणी ढुंकून बघत नाही. ऑटोमॅटिकच तर आहे, डीमध्ये (ड्राइव्ह, म्हणजे पुढे जायचा गिअर) टाकायची आणि निघायचं! पण गेल्या वीसेक वर्षांत त्या साध्या दांड्याची इतकी रूपं झाली आहेत की दोन वेगळ्या गाड्या आलटून पालटून चालवणाऱ्याचा हात हमखास चुकतो. कुठे स्टिअरिंगमागची कांडी, कुठे गोल चकती, कुठे बटणांची रांग, तर कुठे थेट स्क्रीनवर बोट. रस्त्याला लागल्यावर याचा फारसा त्रास नाही, कारण डी एकदा पडला की हात लावायचंच काम नसतं. त्रास होतो तो गाडी लावताना आणि काढताना. तिथे मिनिटभरात चार वेळा पुढे-मागे करावं लागतं आणि शेवटी गाडी तशीच सोडून खाली उतरायचं असतं.

म्हणून ही पारख फक्त तेवढ्यापुरती. न बघता गिअर हाताला कळतो का? घाईत चूक झाली तर गाडी अडवते का? बॅटरी बसली किंवा एखादा फ्यूज उडाला तर गाडी जागची हलवता येते का? दिसायला कोणतं साधन देखणं आणि कोणामुळे कप ठेवायला जागा होते, हे ज्याचं त्याने पाहावं.

आधी पीबद्दल

पी म्हणजे पार्क, गाडी उभी करून ठेवायचा गिअर. पीमध्ये टाकल्यावर गिअरबॉक्सच्या आत एक छोटी पोलादी खिट्टी दातेरी चाकाच्या खाचेत जाऊन बसते. ते दातेरी चाक रस्त्यावरच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवर असतं, म्हणून शाफ्ट फिरेनासा होतो. झालं, पीचं काम एवढंच. चाकांवरच्या ब्रेकचा यात काहीही संबंध नाही. पीचे सगळे गुणदोष या एका खिट्टीतून येतात.

खिट्टी दर वेळी नेमकी खाचेसमोर असेल असं नाही. दातावर आली तर ती स्प्रिंगच्या जोरावर तशीच टेकून राहते आणि गाडी थोडी सरकल्यावर खाचेत पडते. पीमध्ये टाकून ब्रेकवरचा पाय काढला की गाडी इंच-दोन इंच हलून थांबते, ते यामुळे. हा बिघाड नव्हे. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा मानकात तर हे गृहीतच धरलं आहे: १० टक्के उतारावर पीमध्ये ठेवलेली गाडी १५० मिलिमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये, एवढीच अट आहे. पुढच्या गाडीच्या बंपरला चिकटवून लावणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

गाडी पुरती थांबायच्या आत पीमध्ये टाकली, तर खिट्टी दातांवरून उड्या मारते आणि खालून कडकड असा आवाज येतो. साधारण ताशी पाच-सात किलोमीटरच्या वर ती खाचेत बसतच नाही, तशीच बनवलेली असते. खरं नुकसान होतं ते त्याखालच्या वेगात. तेव्हा ती एकदम बसते आणि दीड टनाच्या गाडीचा झटका एकट्या खिट्टीवर येतो. एकदा झाल्याने काही मोडणार नाही, पण सवयच असेल तर दातांच्या कडा गोल होत जातात आणि एखाद्या दिवशी उतारावर पी धरत नाही.

उतारावर नुसत्या पीवर सोडलेल्या गाडीचं सगळं वजन खिट्टीवर टेकतं. काढताना दांडा जाम वाटतो आणि जोर लावल्यावर ‘ठक्’ असा मोठा आवाज येतो. तो आवाज पार्किंगची पद्धत चुकल्याचा पुरावा समजा. दांडा अजिबातच निघत नसेल तर हिसके देऊ नयेत. ब्रेक किंचित सैल करून कुणालातरी गाडी चढाच्या दिशेने जराशी ढकलायला सांगावी आणि लगेच ब्रेक दाबावा. खिट्टीवरचा भार गेला की दांडा आपसूक सुटतो.

आता सगळ्यात कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट. पी शाफ्टला अडवतो आणि शाफ्ट दोन चाकांना डिफरन्शियलमधून, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या दातेरी जोडणीतून, जोडलेला असतो. पंक्चर काढायला त्यातलं एक चाक जॅकवर उचललं, की ते हवेत उलटं फिरायला मोकळं होतं आणि जमिनीवरचं दुसरं चाकही फिरू शकतं. म्हणजे पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं पुढचं एक चाक उचललं तर पी असून नसल्यासारखाच. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांना लागतो, म्हणून जॅक लावण्याआधी तो ओढायचा आणि उचलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळा लावायचा. सपाट जागेवरसुद्धा.

सरळ दांडा

पी, आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल), डी अशी उभी रांग आणि मुठीपाशी अंगठ्याचं बटण. दिसायला जुनाट, पण पहिल्या कसोटीत याच्याजवळपास कोणी येत नाही. दांडा पार पुढे म्हणजे पी, मागे ओढला म्हणजे डी. अंधारात, मान मागे वळवलेली असताना, स्क्रीन बंद पडली असतानाही हाताला गिअर कळतो. बटण न दाबता एन आणि डी यांच्यात हलवता येतं, पण आर आणि पीकडे जायला बटण लागतं. चूक होण्यासारखी जागा नेमकी कुलूपबंद केली आहे.

हा क्रमही असाच ठरलेला नाही. पूर्वी काही गाड्यांत आर सगळ्यात शेवटी, पुढे जायच्या लो गिअरच्या शेजारी असायचा. थोडा जास्त ओढला की गाडी उलटी. अमेरिकेत १९६८ पासून आर आणि पुढचे गिअर यांच्यामध्ये न्यूट्रल असणं बंधनकारक झालं, आणि जगभर तोच क्रम रुळला.

ब्रेक दाबल्याशिवाय दांडा पीमधून न निघण्याची सोय आता सगळीकडे दिसते. अमेरिकेत १ सप्टेंबर २०१० पासून बनलेल्या, पी असलेल्या हलक्या वाहनांना ती सक्तीची आहे. या सोयीचा एक उपयोग मेकॅनिकसुद्धा करतात. ब्रेक पूर्ण दाबूनही दांडा पीमध्येच अडकून बसला असेल, तर आधी मागचे ब्रेक लाइट लागतात का ते बघा. लागत नसतील तर दोष गिअरबॉक्सचा नसून बहुधा ब्रेक पेडलजवळच्या स्विचचा किंवा त्याच्या फ्यूजचा आहे. तोच स्विच दिव्यांना आणि दांड्याच्या कुलपाला ‘ब्रेक दाबला’ असं कळवतो. दुरुस्ती किरकोळ आहे, पण गिअरबॉक्स उघडायची भाषा करणारा भेटला तर खिसा रिकामा होतो.

अशा वेळी गाडी हलवायची तर दांड्याच्या तळाशी एक छोटं झाकण असतं. हँडब्रेक ओढायचा, पाय ब्रेकवर ठेवायचा, झाकण काढून आत पातळ स्क्रूड्रायव्हर किंवा किल्ली खाली दाबायची आणि दाबलेलं असतानाच दांडा एनमध्ये आणायचा. बॅटरी पूर्ण बसली तरी हे चालतं. तिसऱ्या कसोटीतही दांडा पास.

किल्ली फिरवून सुरू होणाऱ्या गाड्यांत आणखी एक राखण होती: दांडा पीमध्ये नसेल तर किल्ली निघायचीच नाही. किल्ली अडकली म्हणजे पी नीट पडलेला नाही, हे आपसूक समजायचं. बटण-स्टार्ट आल्यावर हा पहारेकरी गेला. आता गाडी फार तर टूं-टूं करते, आणि माणूस दार लावून निघून जातो.

मग दांड्याची उणी बाजू काय? दांडा आणि गिअरबॉक्स यांच्यामधली केबल. तिच्या टोकाला प्लास्टिकची किंवा रबरी बुश, म्हणजे जोडणीतली छोटी कडी, असते. उष्णता आणि दमट हवेने ती कडक होऊन तुटली, तर दांडा पीवर जातो, डॅशबोर्डही पी दाखवू शकतो, आणि गिअरबॉक्स मात्र आतून दुसऱ्याच गिअरमध्ये राहतो. फोर्डने २०२२ मध्ये नेमक्या याच कारणासाठी सुमारे २९ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. दांडा एकाएकी ढिला वाटू लागला, नेहमीच्या जागी नीट ‘बसत’ नाही असं जाणवलं, किंवा दाखवलेला गिअर आणि गाडीचं वागणं जुळेना, तर त्याच दिवशी केबल तपासून घ्यावी. बुश ही बारीकशी वस्तू आहे, पण ती तुटलेली असताना गाडीला धरून ठेवणारा एकटा हँडब्रेक असतो.

नागमोडी खाचेतला दांडा हा याचाच चुलतभाऊ. बटणाऐवजी दांडा डावीकडे-उजवीकडे वळवत न्यायचा. हाताला गिअर तितकाच स्पष्ट कळतो, फक्त पटपट डी-आर करताना मनगटाला जरा जास्त काम पडतं.

पुन्हा मध्ये येणारी दांडी

आता त्या प्रकाराकडे, ज्याने सगळ्यात जास्त गोंधळ घातला. ही आखूड दांडी पुढे किंवा मागे ढकलायची, गिअर पडतो, आणि दांडी स्प्रिंगने परत मधल्या जागी येते. आत केबल नाही. दांडी नुसता विजेचा इशारा देते. त्यामुळे दांडी कुठे आहे यावरून काहीच कळत नाही. ती सदैव मध्येच! गिअर कोणता हे जाणायला मुठीवरची पेटलेली अक्षरं किंवा डॅशबोर्ड बघावाच लागतो.

फियाट क्रायस्लरने २०१२ ते २०१४ च्या डॉज चार्जर आणि क्रायस्लर ३०० मध्ये, तसंच २०१४-१५ च्या जीप ग्रँड चेरोकीत अशी दांडी दिली होती. पीसुद्धा त्याच दांडीने, पार पुढे ढकलून घ्यायचा. पण दांडी आर किंवा एनपर्यंतच पोचली तरी हाताला फरक कळत नसे. पी पडला असं समजून लोक उतरले, गाड्या घरंगळल्या आणि माणसं जखमी झाली. एप्रिल २०१६ मध्ये जगभरातल्या सुमारे ११ लाख गाड्यांसाठी रिकॉल निघाला. उपाय म्हणून दांडी बदलली गेली नाही. चालक उतरतो आहे असं दिसलं की गाडीने स्वतःच पीमध्ये जावं, असं सॉफ्टवेअर घातलं गेलं.

बीएमडब्ल्यूची दांडीही मध्ये परत येते, पण तिथे पी दांडीच्या वाटेवर नाही. त्याला वेगळं बटण आहे. टोयोटा प्रियसमध्येही पी अलग बटणावर. आमच्या मते या प्रकारात विकत घ्यावं ते असंच साधन: हालचाल चुकली तर फार तर डीऐवजी आर पडेल, पण ‘पी पडला’ असा खोटा भरवसा मिळणार नाही.

तरीही लावताना-काढताना एक सापळा राहतोच. गाडी अजून सरकते आहे, चालक डीमधून आरसाठी दांडी ढकलतो. वेग जास्त वाटल्यास संगणक इशारा नाकारतो आणि कित्येक गाड्यांत न्यूट्रल देतो. चालकाला वाटतं आर पडला. ॲक्सिलरेटर दाबला तर नुसता इंजिनाचा आवाज वाढतो. मग गोंधळून, पाय तसाच दाबलेला ठेवून, तो पुन्हा दांडी ढकलतो. काही गाड्या तोही इशारा नाकारतात, काही झटक्यासरशी उसळतात. यावर औषध एकच: इंजिनाचा आवाज वाढला आणि गाडी हलली नाही, की आधी पाय ब्रेकवर, मग अक्षर बघायचं, मग गिअर.

कांडी, चकती, बटणं आणि स्क्रीन

स्टिअरिंगमागची कांडी पार्किंगला झकास. हात चाकावरून फारसा न काढता डी-आर-डी करता येतं. मर्सिडीजची कांडी उजवीकडे असते: वर केली की आर, खाली केली की डी, टोकाचं बटण दाबलं की पी. ज्या गाड्यांत उजव्या कांडीवर इंडिकेटर असतो, त्यांची सवय असलेल्या माणसाने पहिले काही दिवस मोकळ्या मैदानात घालवावेत. वळताना इंडिकेटर समजून कांडी हलवली तर गाडी न्यूट्रलमध्ये जाऊ शकते.

इथे एक मुद्दा आहे, जो माहितीपत्रकात कधीच नसतो. गिअर टाकायच्या दिशेची दोन वेगळी तर्कशास्त्रं बाजारात आहेत. जुनं तर्कशास्त्र पी-आर-एन-डीच्या रांगेचं: आर पुढे किंवा वर, डी मागे किंवा खाली. बीएमडब्ल्यूची दांडी आणि मर्सिडीजची कांडी हेच पाळतात. नवं तर्कशास्त्र गाडीच्या हालचालीचं: पुढे जायचं तर पुढे. ह्युंदाई आयोनिक ५ च्या कांडीचं टोक पुढच्या दिशेने पिळलं की डी, मागे पिळलं की आर. टेस्लाच्या २०२१ नंतरच्या मॉडेल एसमध्ये स्क्रीनवर बोट वर सरकवलं की डी, खाली सरकवलं की आर. दोन्ही आपापल्या जागी ठीक. पण एकाच घरात एक गाडी या मताची आणि दुसरी त्या मताची असेल, तर भिंतीशी गाठ पडायची वेळ कधीतरी येतेच. दुसरी गाडी घेताना पहिलीशी दिशा जुळते का, हे रंगापेक्षा महत्त्वाचं आहे.

गोल चकतीला जागा कमी लागते. २००८ च्या जॅग्वार एक्सएफमध्ये तर गाडी सुरू केली की ती कन्सोलमधून वर यायची. चकती थेट पीपासून डीपर्यंत सलग फिरते आणि प्रत्येक जागी खट्कन बसते, तर ती बरी. अडचण शेजारामुळे होते: एसीची आणि आवाजाची गोल बटणं जवळच असली तर न बघता हात टाकणाऱ्याची फसगत होते. बोटांना वेगळी लागणारी, खाचदार कडेची चकती असावी.

बटणांत होंडाची मांडणी विचार करून केलेली दिसते. पी आणि डी दाबायचे, पण आर दाबायचा नाही, तर बोटाने मागे ओढायचा. एकच हालचाल वेगळी ठेवल्याने डी आणि आरची अदलाबदल जवळपास टळते. मात्र पुढे-मागे पुष्कळ करावं लागलं तर दर वेळी नजर खाली जाते, आणि पार्किंगमध्ये नजर बाहेर हवी. स्क्रीनवर बोट सरकवून गिअर टाकणं याला आमची पसंती नाही. मान मागे वळवून करायच्या कामात समोरच्या काचेकडे बघायला लावणं हा उलटा कारभार झाला.

विजेच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या या सगळ्या साधनांचा तिसऱ्या कसोटीत मात्र एकत्र निकाल लागतो. बॅटरी बसली की गाडी पीमध्ये अडकते. काही गाड्यांत कन्सोलखाली किंवा पायाशी हाताने ओढायची केबल दिलेली असते, काहींत जम्प-स्टार्ट, म्हणजे दुसऱ्या बॅटरीला तारा जोडून सुरू करणं, हाच मार्ग. इंजिन बंद केल्याबरोबर आपोआप पी घेणाऱ्या गाड्या पट्ट्यावर ओढून नेणाऱ्या कार-वॉशमध्येही अडतात. न्यूट्रल धरून ठेवायची वेगळी कृती मॅन्युअलमध्ये असते. आणि बंद पडलेली कुठलीही नेहमीची ऑटोमॅटिक धक्का मारून सुरू होत नाही, कारण आतला तेलाचा पंप इंजिनाने फिरतो. टो करताना चालती चाकं, म्हणजे इंजिन ज्यांना फिरवतं ती, उचललेली हवीत. चारही चाकं चालती असतील तर अख्खी गाडी फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर, चढवावी.

ज्यांत पीच नाही

एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सवर क्लच आणि गिअर टाकणारी यंत्रणा बसवलेली गाडी. तिच्या दांड्यावर बहुधा आर, एन आणि डी एवढंच असतं. टॉर्क कन्व्हर्टरची, म्हणजे पी असलेली नेहमीची ऑटोमॅटिक गाडी सोडून एएमटीत बसणारा माणूस पी शोधत राहतो आणि शेवटी एनमध्ये ठेवून उतरतो. ही घोडचूक. इथे गाडी गिअरमध्येच बंद करायची: तोंड चढाकडे असेल तर डी, उताराकडे असेल तर आर. आधी गिअर, मग इग्निशन; इग्निशन बंद झाल्यावर दांडा कितीही हलवला तरी आत गिअर पडत नाही, कारण तो टाकणारी यंत्रणाच झोपलेली असते. आणि हँडब्रेक अर्थातच. गंमत अशी की १९४० च्या ओल्ड्समोबिलबरोबर आलेल्या हायड्रामॅटिक या पहिल्या गाजलेल्या ऑटोमॅटिकलाही पी नव्हता. तिथेही इंजिन बंद करून आरमध्ये ठेवायची रीत होती.

चढावर एएमटी आणि कोरड्या क्लचची ड्युअल क्लच (दोन क्लच असलेली ऑटोमॅटिक) गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नये. क्लच घासत राहतो, तापतो, वास येतो आणि डॅशबोर्डवर इशारा पेटतो. पायाचा ब्रेक दाबून थांबायचं. हिल-होल्ड (चढावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय) असेल तर पाय काढल्यावर साधारण दोन सेकंद मिळतात, तेवढ्यात निघायचं.

हँडब्रेकची जोड

वरचं कुठलंही साधन हँडब्रेकची जागा घेत नाही. हाताने ओढायचा सगळ्यात भरवशाचा, कारण किती ओढला हे दंडाला कळतं. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक सोयीचा, पण गाडीगणिक वागणूक वेगळी. काहींत पी टाकल्यावर किंवा इंजिन बंद केल्यावर आपोआप लागतो, काहींत दर वेळी स्विच ओढावा लागतो, काहींत सेटिंगवर अवलंबून. डॅशबोर्डवरचा लाल दिवा बघितल्याशिवाय उतरू नये.

ऑटो-होल्ड आणि पार्किंग ब्रेक यांत लोक फार गल्लत करतात. ऑटो-होल्ड ब्रेकच्या तेलाचा दाब धरून गाडी थांबवतो. तो सिग्नलपुरता आहे. बऱ्याच गाड्या काही मिनिटांनी किंवा दार उघडल्यावर आपणहून पार्किंग ब्रेक लावतात, पण त्या भरवशावर डीमध्ये ठेवून पार्सल घ्यायला उतरणं म्हणजे निव्वळ जुगार. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीत तर इंजिनाचा आवाजही नसतो. ती ‘रेडी’ आणि डीमध्ये असताना माणूस उतरू शकतो.

आता गाडी लावायचा क्रम. या पारखीतलं सगळ्यात उपयोगाचं इथेच आहे.

पायाच्या ब्रेकने गाडी पूर्ण थांबवा. पाय तसाच ठेवून एनमध्ये आणा. हँडब्रेक लावा. आता पायाचा ब्रेक हळूहळू सोडा. गाडी किंचित सरकून हँडब्रेकवर टेकेल. ती टेकली आणि थांबली, हे जाणवू द्या. पाय पुन्हा ब्रेकवर, मग पी, मग इंजिन बंद. या क्रमाने वजन हँडब्रेकवर राहतं आणि खिट्टी नुसती राखणीला बसते. सपाट जागेवर एनचा टप्पा गाळला तरी चालेल, उतारावर नाही.

काढताना: पाय ब्रेकवर, इंजिन सुरू, डी किंवा आर टाका, गिअर धरल्याचा हलका धक्का जाणवेपर्यंत सेकंदभर थांबा, मगच हँडब्रेक सोडा. आधी हँडब्रेक सोडला की वजन परत खिट्टीवर जातं आणि तो ‘ठक्’ पुन्हा ऐकू येतो. थंड इंजिन सुरू केल्यावर त्याचे मिनिटाचे फेरे हजाराच्या बरेच वर असतात. ते खाली येईपर्यंत थांबलं तर गिअर झटक्याने पडत नाही.

उतारावर चाकं वळवून ठेवा. तोंड उताराकडे असेल तर पुढची चाकं पदपथाच्या कडेकडे. तोंड चढाकडे असेल आणि उंच कड असेल तर कडेपासून दूर, म्हणजे गाडी मागे आलीच तर चाकाची मागची बाजू कडेला अडकेल. कड नसेल तर दोन्ही वेळा रस्त्याच्या बाहेरच्या बाजूला. कडाक्याच्या थंडीत हँडब्रेक गोठून चिकटायची भीती असते. तेव्हा सपाट जागा शोधून पी आणि चाकाला ठोकळा, असा अपवाद करता येतो.

जागेत शिरताना ॲक्सिलरेटरची गरजच पडू नये. ब्रेक सैल केला की गाडी आपोआप सरकते, आणि वेग ठरवायचं काम ब्रेकनेच करायचं, एकाच उजव्या पायाने. अपघात होतो तो बहुधा उंचवट्यावर. चाक अडतं, चालक ॲक्सिलरेटर दाबतो, चाक चढतं आणि गाडी समोरच्या भिंतीकडे झेपावते. मागे वळून बघताना अंग तिरकं होतं आणि पाय पेडलवरून सरकतो, हे दुसरं कारण. टाच ब्रेकच्या सरळ रेषेत जमिनीवर टेकलेली ठेवली तर हे टळतं. डी-आर बदल पूर्ण थांबूनच. सरकत्या गाडीत बदललं तर तो वेग आतल्या क्लचच्या चकत्या घासून मारावा लागतो, आणि त्या बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

तर निकाल असा. नवशिक्याला, वयस्कर चालकाला आणि घरात अनेकजण चालवत असतील तर सरळ दांडा. ज्याला रोज अडचणीच्या जागेत शिरावं लागतं त्याला कांडी, फक्त इंडिकेटरची बाजू तपासून. पीला वेगळं बटण असलेली मध्ये येणारी दांडी आणि खट्कन बसणारी चकती चालतील. स्क्रीनवरचा गिअर नको.

टेस्ट ड्राइव्हला गाडी मिळाली की रस्त्यावर पळवून आणण्याआधी दहा मिनिटं एका जागी घालवा. न बघता दहा वेळा डी-आर करून पाहा आणि किती वेळा चुकता ते मोजा. हलक्या उतारावर एनमध्ये, पाय ब्रेकच्या अगदी वर ठेवून, एकटा हँडब्रेक गाडी धरतो का ते बघा. मोकळ्या सपाट जागेत, डीमध्ये गाडी थांबलेली आणि पाय ब्रेकवर असताना, सीटबेल्ट काढून दार किंचित उघडा. गाडी पी घेते, नुसती बोंबलते की गप्प बसते, हे तिथेच कळेल. आणि विकणाऱ्याला विचारा की बॅटरी पूर्ण बसल्यावर ही गाडी न्यूट्रलमध्ये कशी आणायची. त्याला सांगता आलं नाही, तर मॅन्युअलमधलं ते पान त्याच्याच समोर शोधून काढा आणि फोटो मोबाइलमध्ये ठेवा; मॅन्युअल फक्त गाडीच्या स्क्रीनवर असेल तर बॅटरी बसल्यावर तेही दिसणार नाही.